स्कोलिओसिस : लेकीच्या पाठीला २८ अंशांचा बाक, ब्रेस लावावा का?

मोरपंखी | ९ जून, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज वेगळंच घेऊन आलेय. झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले.

लेक १२ वर्षांची, यंदा सातवीत. भरतनाट्यम शिकते. मे महिन्यात वर्गाचा कार्यक्रम होता. पोशाखासाठी नौपाड्यातल्या आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे माप दिलं. काकांनी ब्लाउज दोनदा उसवला. तिसऱ्या खेपेला मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, चूक कापडाची नाही. पोरीचा उजवा खांदा वर आहे, खवाटाही बाहेर आलाय. मी किती फिरवणार?" घरी येऊन तिला ओणवं व्हायला सांगितलं, तर पाठीची उजवी बाजू उंच आणि डावी सपाट. रोज वेणी घालताना ही पाठ माझ्यासमोर असते हो. शिंप्याला दिसलं आणि मला नाही.

पहिल्या डॉक्टरांनी "वाढीचं वय आहे, होईल सरळ, सहा महिन्यांनी या" म्हणून सांगितलं. मन राहिना म्हणून मणक्याच्या सर्जनकडे गेलो. उभ्याने पूर्ण पाठीचा एक्स-रे काढला. छातीच्या भागात उजवीकडे २८ अंश, कमरेत डावीकडे १९. हाडांची वाढ किती झाली ते सांगणारा रिसर नावाचा आकडा ० म्हणाले. पाळी अजून सुरू झालेली नाही. गेल्या सहा महिन्यांत उंची मात्र ५ सेंटीमीटर वाढली. त्यांनी ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचा कडक पट्टा, सांगितलाय, दिवसाचे १८ तास.

नवऱ्याचं मत, आधी व्यायाम करून बघू. सासूबाई मालीशवाली बोलवा म्हणतात. लेक काहीच बोलत नाही, याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. १८ तास कडक प्लॅस्टिकमध्ये, ठाण्याच्या या उकाड्यात? थांबून बघितलं तर काय बिघडेल? कुणाच्या घरी झालंय का?

येऊरचा_वाघ | ९ जून, रात्री ११:४०

रुमाल टाकून ठेवतो. भाचीला आहे, उद्या बहिणीला विचारून लिहितो.

नौपाडाकाका | १० जून, सकाळी ६:०५

ताई, घाबरू नका. हल्लीच्या पोरांची दप्तरं बघा, हमालालाही पेलणार नाहीत. त्यात मोबाइल घेऊन लोळायचं. मग पाठ वाकडी होणार नाही तर काय? दप्तर बंद करा, रोज दहा मिनिटं बारला लटकवा, तिळाच्या तेलाने मालीश करा. एक चांगला हाडवैद्य माहीत आहे, दोन झटक्यांत मणका जागेवर आणतो. आमच्या काळी कुणाला पट्टे लावलेले आठवत नाहीत.

फिजिओ_ऐरोली | १० जून, दुपारी २:१८

काका, हात जोडून सांगते, वाढत्या मुलीच्या मणक्याला कुणालाही झटके देऊ देऊ नका. "जागेवर" बसवायला तो मुळात निखळलेलाच नसतो.

मोरपंखी, आधी तुमच्या मनातली टोचणी काढते. या वयातल्या मुली आईसमोर कपडे बदलत नाहीत, वेणीच्या वेळी पाठ सरळ आणि झाकलेली असते. दुखतही नसतं. त्यामुळे बहुतेक घरांत हे उशिरानेच लक्षात येतं, आणि पहिल्यांदा कळतं ते पुष्कळदा शिंपी, नाचाच्या बाई किंवा पोहायला शिकवणाऱ्यांना. तुमच्या शिंपीकाकांना माझा नमस्कार सांगा.

आता नेमकं काय झालंय ते. समोरून पाहिलं तर कणा सरळ रेषेत हवा. तो बाजूला झुकून एक्स-रेवर १० अंश किंवा त्याहून जास्त कोन आला, तर स्कोलिओसिस म्हणायचं. बाकात सगळ्यात कललेला वरचा मणका आणि सगळ्यात कललेला खालचा मणका घेऊन त्यांच्या कडांवरून रेषा काढायच्या, त्या रेषांमधला कोन म्हणजे कॉब अँगल. जॉन कॉब या अमेरिकी डॉक्टरांनी १९४८ मध्ये ही रीत मांडली, ती आजही तशीच चालते. पण कागदावर बाक दिसतो, पीळ दिसत नाही. ओलं फडकं पिळताना ते वाकतंही आणि फिरतंही, तसं मणके बाजूला जाता जाता स्वतःभोवती फिरतात. त्यांना जोडलेल्या बरगड्याही सोबत फिरतात. म्हणून ओणवं झाल्यावर एक बाजू उंच दिसते. तुम्ही घरी जे करून पाहिलंत ती खरीखुरी तपासणी आहे. विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज सर्जनने ती १८६५ मध्ये सांगितली. फिजिओकडे पाठीवर ठेवायची एक छोटी पट्टी असते, पाण्याच्या लेव्हलसारखी. तिच्यावर ५ ते ७ अंशांच्या पुढे फिरकी दिसली की पुढे पाठवायचं.

हे कुबड नव्हे. कुबड म्हणजे पाठ मागे बाहेर येणं, पोक वाढणं. मथुरेच्या कुब्जेपासून आपल्याकडे पाठीच्या प्रत्येक वाकडेपणाला तोच शब्द लावतात आणि मुली त्यानेच जास्त दुखावतात. घरात तो शब्द बंद करा.

दप्तराबद्दल. जड दप्तराने पाठ दुखते, खांदे अवघडतात, म्हणून ते हलकं हवंच. केंद्राच्या २०२० च्या धोरणात वजनाच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे ती त्याचसाठी. पण दप्तराने, वाकडं बसल्याने, मोबाइलने किंवा कॅल्शियम कमी पडल्याने हा बाक होत नाही. १० पैकी ८ जणांत कारण सापडतच नाही. घराण्यात चालतो एवढं नक्की, तेव्हा धाकटं भावंड असेल तर त्याचीही पाठ ओणवून बघा. उरलेल्यांत काही जन्मजात असतात, म्हणजे गर्भातच मणका अर्धा घडलेला. अशा मुलांच्या किडनीची आणि हृदयाचीही तपासणी करतात. काही स्नायूंच्या आणि मेंदूच्या आजारांतून येतात. १० ते १६ वयात साधारण १०० पैकी २ ते ३ मुलांत बाक सापडतो. लहान बाक मुलगे-मुलींत फारसा कमीजास्त नाही, पण मोठा होत जाणारा बाक मुलींतच कितीतरी पटीने जास्त.

"थांबून बघितलं तर काय बिघडेल" याचं उत्तर एका शब्दात देते : वाढ. बाक वाढीच्या पाठीवर बसून पुढे जातो. रिसर म्हणजे कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेचं पक्कं होत जाणं, ० ते ५. शून्य म्हणजे पुष्कळ वाढ बाकी. मुलींची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती पाळी येण्याच्या आधी. तुमची लेक नेमकी तिथे आहे. १९८४ चा लॉनस्टाइन आणि कार्लसन यांचा अभ्यास आजही सांगितला जातो. २० ते २९ अंश आणि रिसर ० किंवा १ असेल तर ६८ टक्के मुलांत बाक वाढला. तेवढेच अंश पण रिसर २ ते ४, तर २३ टक्के. अंश तेच, फरक फक्त उरलेल्या वाढीचा. हेच २८ अंश १७ व्या वर्षी सापडले असते, तर मी तुम्हाला "वर्षाने या" म्हटलं असतं.

नौपाडाकाका | १० जून, संध्या. ७:३०

बरं बाई. हाडवैद्याचं मागे घेतो. पण लटकण्याने काय वाईट होईल? कणा ताणला जातो की.

फिजिओ_ऐरोली | १० जून, रात्री ९:०२

लटकलेलं असेपर्यंत ताणला जातो, उतरल्यावर परत तसाच. हिप्पोक्रेटिसच्या काळी माणसाला शिडीला बांधून ताणायचे. ती कल्पना अडीच हजार वर्षं जुनी आहे काका, तुम्ही एकटे नाही. हौसेने लटकू दे, पोहू दे, मारोतराव शिंदे तलावावर खुशाल पाठवा. त्याने स्नायू आणि दम चांगला होईल. त्याला इलाज मात्र समजू नका.

गणिती_खारघर | १० जून, रात्री ११:५५

मी डॉक्टर नाही, आकडेमोड करून पोट भरतो. माझ्या मुलीला दोन वर्षांपूर्वी ३१ अंश निघाले, तेव्हा ब्रेसबद्दल मिळेल ते वाचलं होतं. एका गोष्टीवर लोक गप्प बसतात म्हणून लिहितो.

२०१३ साली अमेरिका-कॅनडातल्या २५ केंद्रांचा ब्रेसवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाढ संपेपर्यंत बाक ५० अंशांच्या खाली राहिला तर यश. ब्रेसवाल्यांत यश ७२ टक्के, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. इथवर सगळे सांगतात. आता दुसरी बाजू बघा. ज्यांनी काहीच लावलं नाही त्यांतलेही जवळजवळ निम्मे ५० च्या आतच राहिले. आणि ब्रेस लावूनही शंभरात २८ जणांचा बाक पुढे गेला. म्हणजे ढोबळ हिशेबाने चार मुलांनी ब्रेस लावला की एकाचं मोठं ऑपरेशन टळतं. ते चौघांतलं एक कोण, हे आधी सांगता येत नाही. म्हणून "ब्रेस लावला की झालं" आणि "ब्रेस थोतांड आहे" ही दोन्ही वाक्यं मला चिड आणतात.

खरी गंमत तासांत आहे. ब्रेसमध्ये तापमान मोजणारी चिप होती, त्यामुळे पोरं थापा मारू शकत नव्हती. सरासरी १२.९ तासांहून जास्त घालणाऱ्यांत यश ९० टक्क्यांच्या वर. सहा तासांच्या आत घालणाऱ्यांचं न लावणाऱ्यांसारखंच. तेव्हा लावायचा तर नीट, नाहीतर कपाटात ठेवून मुलीला उगाच अपराधी करू नका.

फिजिओ_ऐरोली | ११ जून, सकाळी ८:१५

गणिती, बरोबर मांडलंत. एक भर : अर्थ "बाक पुसला जातो" असा घेऊ नये. ब्रेसचं काम राखण करण्याचं आहे. वाढ संपेपर्यंत बाक आहे तिथे धरून ठेवायचा. २५ ते ४० अंश आणि वाढ बाकी, हा त्याचा प्रांत. वाढ संपताना ३० च्या आत राहिला तर पुढे सहसा सरकत नाही. ५० च्या वर गेला तर मोठेपणीही वर्षाला साधारण एक अंश सरकत राहतो, म्हणून तिथे ऑपरेशनचा विषय निघतो.

अबोली_वाशी | ११ जून, सकाळी १०:४०

आमच्याकडे एका केंद्रात "४० सेशनमध्ये बाक सरळ, लेखी गॅरंटी" असं सांगितलं होतं. पैसे आगाऊ. सात महिने गेले, मुलाचा बाक २६ अंशांचा ३९ झाला. त्या सात महिन्यांत तो वाढला किती ते दारावरच्या पेन्सिलीच्या खुणांवर दिसतंय. त्या खुणा मी पुसलेल्या नाहीत. गॅरंटीचा कागदही जपून ठेवलाय.

मोरपंखी | ११ जून, दुपारी १:०५

अबोली, वाचून पोटात गोळा आला. फिजिओताई, मग श्रॉथ व्यायाम म्हणतात ते? नवऱ्याने तेच शोधून काढलंय.

फिजिओ_ऐरोली | ११ जून, रात्री ९:४८

श्रॉथ चांगले आहेत, मी स्वतः शिकवते. काथारिना श्रॉथ या जर्मन बाईंना स्वतःला स्कोलिओसिस होता. १९२० च्या दशकात आरशासमोर बसून त्यांनी ही पद्धत घडवली. फुगा एका बाजूने दबला की दुसरीकडून फुगतो, तसं पाठीच्या दबलेल्या बाजूत मुद्दाम श्वास भरायचा, पीळ उलटा फिरवायचा आणि ते आसन अंगवळणी पाडायचं. छोट्या बाकात एकटे व्यायाम, तुमच्यासारख्यात ब्रेससोबत व्यायाम. ब्रेसऐवजी नाही. तुमच्या यजमानांना सांगा, त्यांचंही अर्धं बरोबर आहे.

चाफा_नेरुळ | १२ जून, रात्री १२:२०

मी त्या दुसऱ्या बाजूची. २००९ मध्ये १५ व्या वर्षी ऑपरेशन झालं, ५४ अंश होते. ब्रेस मिळाला होता, मी घातला नाही. शाळेत जाताना नेरुळ स्टेशनच्या प्रसाधनगृहात काढून पिशवीत कोंबायचे, येताना परत चढवायचे. आईला शेवटपर्यंत कळलं नाही, तिला वाटायचं ब्रेसच चालला नाही.

ऑपरेशनबद्दल लोक कुजबुजतात म्हणून उघड लिहिते. पालथं झोपवून पाठीच्या मधोमध चीर देतात. बाकातल्या मणक्यांत दोन्ही बाजूंनी स्क्रू, त्यांत दोन दांड्या. कणा त्या दांड्यांकडे आणून फिरवतात, मग मणक्यांवर हाडाचा चुरा घालतात, म्हणजे महिन्यांनी ते सगळे एकमेकांना जुळून एक हाड होतं. दांड्या म्हणजे परांची. इमारत ते जुळलेलं हाड. ऑपरेशनभर मज्जारज्जूचे संदेश यंत्रावर बघत बसतात. माझ्या आईला सगळ्यात भीती पाय जाण्याची होती. या वयातल्या साध्या बाकात नसांना इजा होण्याचं प्रमाण १०० त एकाहूनही कमी, असं सर्जननी तेव्हा कागदावर लिहून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी उभं केलं. भिंत फिरते आहे असं वाटलं. सहाव्या दिवशी घरी. पहिला आठवडा वाईट, खोटं कशाला बोलू. महिन्याने शाळा, वर्षभर उड्या-बिड्या बंद. उंची आपोआप इंचभर वाढली, त्याचा मात्र आनंद झाला.

आज ३०+, नोकरी करते, ट्रान्स-हार्बरने रोज उभ्याने जाते. पाठीचा मधला भाग वाकत नाही, जमिनीवरचं उचलायला गुडघ्यात बसते. बेलापूरच्या मेट्रोत तपासणीचं यंत्र कधी वाजलं नाही. बाळंतपण नॉर्मल झालं. फक्त कमरेत इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना आधी एक्स-रे दाखवावा लागला, कारण माझ्या दांड्या बऱ्याच खालपर्यंत आहेत.

म्हणजे ऑपरेशन म्हणजे जगबुडी नाही. पण मोरपंखी, लेक बोलत नाही म्हणालात ना, तिथेच थांबा जरा. माझ्याशी तेव्हा सगळे बाकाबद्दल बोलले, माझ्याशी कुणी बोललं नाही. ब्रेसचा रंग, पट्ट्यांवरचं चित्र, कुठले सहा तास तिचे, हे तिला ठरवू द्या.

जुनी_ठाणेकर | १२ जून, सकाळी ७:१०

चाफा, डोळे पाणावले गं. मी १९८३ ला मिलवॉकी ब्रेस घातलाय. कमरेला चामडं, पुढे एक आणि मागे दोन लोखंडी दांड्या, आणि गळ्याभोवती कडं. मान खाली घालून पेपर लिहिता यायचा नाही. तलावपाळीला संध्याकाळी फिरायला गेलं की लोक चणे खायचे थांबून बघायचे. आई पदर ओढून माझ्या गळ्यावर घ्यायची. आताचे ब्रेस काखेखाली संपतात, कपड्यात झाकतात. लेकीला म्हणावं, आजी चिलखत घालून हिंडली, तुझं तर जॅकेट आहे.

येऊरचा_वाघ | १२ जून, दुपारी ४:००

बहिणीचे मुद्दे. भाचीचा ब्रेस हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत झाला. केंद्र सरकारची संस्था, महालक्ष्मी स्टेशन जवळ. ठाण्याहून दादरला गाडी बदलायची. खेपा घालाव्या लागतात, सकाळी लवकर निघा. मापाच्या दिवशी साधा घट्ट बनियन. सरकारी किंवा अनुदानित शाळेत असाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं तेव्हा पाठीचं आवर्जून सांगा. ऑपरेशनची वेळ आलीच, तर फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारायचं, नंतर नाही.

आणि ती म्हणाली, ब्रेस आल्यावर तो घालून एक एक्स-रे काढायलाच लावा. आत बाक किती कमी दिसतो त्यावर ब्रेस नीट बसला की नाही ते कळतं. भाचीच्या पहिल्या ब्रेसमध्ये काहीच फरक नव्हता, पॅड बदलून घ्यावं लागलं.

सोनचाफा_कळवा | १२ जून, रात्री ८:३३

अवांतर होईल, पण आईलाही "स्कोलिओसिस" लिहून दिलंय, वय ६८. जांभळी नाक्यावर भाजी घेता घेता पाय भरून येतात, कट्ट्यावर टेकून पुढे वाकली की बरं वाटतं. तिलाही ब्रेस?

फिजिओ_ऐरोली | १२ जून, रात्री ९:२०

नाव एकच, दुखणं वेगळं. तो झिजेतून आलेला बाक. चकत्या आणि सांधे एका बाजूने जास्त झिजतात, नसांची वाट अरुंद होते, म्हणून चालताना पाय भरतात आणि वाकल्यावर मोकळे होतात. तिथे अंशांपेक्षा नसांकडे बघायचं. वाढ नाही, तेव्हा बाक धरायचा ब्रेस नाही. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

मोरपंखी, एक राहिलं. लेकीला रात्री झोपमोड करणारं दुखणं, पायात बधिरपणा, लघवीवर ताबा जाणं, किंवा बाक छातीत डावीकडे असता, तर एमआरआय करायला सांगितलं असतं. तिचा उजवीकडे आहे, नेहमीचा. तरी सर्जनना पायांचे आणि पोटावरचे रिफ्लेक्स (आपोआप येणारे झटके) तपासले का एवढं विचारा.

मोरपंखी | १५ जून, रात्री १०:३०

तपासले होते, ठीक आहे. धाकट्याची पाठ सरळ निघाली.

लेकीला चाफाचा प्रतिसाद वाचायला दिला. दोनदा वाचला. मग म्हणाली, "मी स्टेशनवर काढणार नाही, पण डान्सला काढीन, आणि आजीने ते कुबड-कुबड बंद करायचं." सासूबाई शेजारीच होत्या. गप्प बसल्या, मग उठून तिला लाडू दिला. ब्रेसचं माप पुढच्या आठवड्यात.

मोरपंखी | १८ ऑक्टोबर, रात्री ९:१५

धागा वर काढतेय. ब्रेस येऊन तीन महिने झाले. घालून काढलेल्या एक्स-रेत २८ चे १४ दिसले. पहिले दोन आठवडे दोन-दोन तासांनी वाढवत नेलं. कातडी लाल व्हायची, अर्ध्या तासात गेली तर चालेल म्हणाले, नाही गेली तर दाखवायचं. ऑक्टोबरचा घाम मात्र जीव काढतो. बनियनची शिवण बरोबर पॅडखाली येते आणि वळ उठतात. पुढचं ती स्वतः लिहिते म्हणाली.

मोरपंखी | १८ ऑक्टोबर, रात्री ९:४२

हाय, मी लेक, आईच्या लॉगिनवरून. ब्रेस निळा आहे आणि त्यावर फुलपाखरं आहेत. वर्गात पहिल्या दिवशी मुलींनी पोटावर टकटक केलं, मी "कोण आहे?" म्हटलं, मग सगळ्यांनी करून बघितलं आणि संपलं. पेन्सिल पडली की शेजारची उचलते, मी तिला गणित दाखवते. घोडबंदर रोडला रिक्षा खड्ड्यात गेली की बाकीच्यांना लागतं, मला नाही. वाईट म्हणजे पोटभर जेवता येत नाही, थोडं थोडं दोनदा खाते. गरब्याला तीन रात्री दोन-दोन तास काढला, मग रविवारी दिवसभर घालून भरून काढला. बाबांनी फ्रिजवर तासांचा तक्ता लावलाय. मी त्यात कधी कधी अर्धा तास जास्त लिहिते, पण अर्धाच.

चाफाताई, तुम्ही तुमच्या आईला सांगितलं का?

चाफा_नेरुळ | १९ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

काल रात्री सांगितलं. १५ वर्षांहून जास्त झाली. आधी ओरडली, मग रडली, मग म्हणाली नेरुळ स्टेशनचं ते प्रसाधनगृह आत जाण्यासारखं होतं तरी का.

मोरपंखी | २१ डिसेंबर, दुपारी ३:२०

सहा महिन्यांचा एक्स-रे. आदल्या दिवशीपासून ब्रेस काढून ठेवायला सांगितलं होतं. छातीत २६, कमरेत १८. उंची ४ सेंटीमीटर वाढली. नोव्हेंबरात पाळी आली. घरात पेढे वाटायचं चाललंय, वाटू का?

गणिती_खारघर | २१ डिसेंबर, दुपारी ३:५८

पेढे वाटा, पण "दोन अंश कमी झाले" म्हणून नको. कोन मोजण्यात ५ अंशांपर्यंत इकडेतिकडे होतंच. तोच एक्स-रे दुसऱ्या डॉक्टरांनी मोजला तर ३० म्हणतील. ४ सेंटीमीटर उंची वाढूनही बाक हलला नाही, ही खरी बातमी आहे. उद्या ३० आले तरी याच कारणासाठी घाबरू नका. एक्स-रे दर वेळी एकाच ठिकाणी काढा आणि सगळे जपून ठेवा.

फिजिओ_ऐरोली | २१ डिसेंबर, संध्या. ६:४०

अगदी. पाळीनंतर साधारण दोन वर्षं वाढ उरते, हळूहळू मंदावते. तेव्हा ब्रेस इतक्यात सुटत नाही, हे तिला आजच सांगून ठेवा. ऐन उन्हाळ्यात सांगू नका.

नौपाडाकाका | २१ डिसेंबर, संध्या. ७:१५

अभिनंदन. नातीला परवा ओणवं करून पाहिलं. सरळ आहे. सून म्हणाली, हे कुठून शिकलात?

अबोली_वाशी | २१ डिसेंबर, रात्री ८:०५

मोरपंखी, शिवणीच्या वळांचं काय केलंत? आमच्या मुलाला दुसरा ब्रेस आलाय, त्याच्या दोन्ही कुशी सोलवटल्यात.

मोरपंखी | २१ डिसेंबर, रात्री ८:३१

शिंपीकाकांना ब्रेसच नेऊन दाखवला. त्यांनी उलटापालटा करून पाहिला आणि नळीसारखं गोल विणलेलं होजिअरीचं कापड आणायला सांगितलं. त्याला बाजूला शिवणच येत नाही. खांदे तेवढे शिवले, खाली मांडीपर्यंत लांब ठेवले, म्हणजे गोळा होत नाहीत. सहा बनियन करून दिले, पैसे घेतले फक्त कापडाचे. पुढच्या कार्यक्रमाचा ब्लाउज पहिल्याच खेपेला बसला.

अबोली_वाशी | २१ डिसेंबर, रात्री ८:३६

मुलग्यांचे शिवतील का? शनिवारी ठाण्याला येते. दुकानाची खूण विपूत (विचारपुशीत) कळवा.